प्रेसमध्ये भावाची तीन बोटं गेली, मालक पन्नास हजारावर सही मागतोय. क्लेम कुठं आणि कसा टाकायचा?

कळमनुरीचा_गडी

नमस्कार मंडळी. माझा लहान भाऊ चाकणजवळ एका शेडमध्ये पॉवर प्रेसवर ऑपरेटर होता. जून २०२५ मध्ये उजव्या हाताची तीन बोटं गेली, मधलं, त्याच्या बाजूचं आन करंगळी, मुळापासून. अंगठा आन पहिलं बोट आहे पण पकड काही येत नाही, पाण्याचा तांब्या धरता येत नाही मग प्रेस काय धरणार. तेव्हा वय ३० पूर्ण होतं. पगार १४ हजार, बँकेत यायचा, स्लिप कधी दिली नाही, अपॉइंटमेंट लेटर तर नाहीच.

दवाखान्याचं बिल मालकानं भरलं, सत्तर हजाराच्या आसपास, ते मी नाकारत नाही. पण नंतर दोन महिने फोन उचलला नाही आन आता म्हणतोय की पन्नास हजार घ्या, स्टँप पेपरवर सही द्या की यापुढं काही मागणी नाही. वरून सांगतोय की दवाखान्याचे सत्तर धरले तर तुम्हाला सव्वा लाख झाले की. आन म्हणतोय चूक भावाचीच होती, गार्ड (हात आत जाऊ नये म्हणून मशीनला असतो तो) भावानंच काढला होता, कोर्टात गेला तर एक रुपया मिळणार नाही.

भाऊ आता गावाकडं आहे, हिंगोली जिल्ह्यात. कोणी म्हणतं लेबर ऑफिसला जा, कोणी म्हणतं पोलिस स्टेशन, एक जण म्हणला ग्राहक मंच. पुण्याला दर तारखेला जायचं म्हणलं तर रोज बुडतो आन भाडं वेगळं. कुणाला अनुभव असेल तर सांगा, हे नेमकं चालतं कसं?

रात्रपाळी

सही करू नका. पहिलं हे. बाकी लोक सांगतीलच.

आणि समजा घाबरून केली असेल तरी घाबरू नका, भरपाईचा हक्क सोडून दिला असं लिहून घेतलेला करार कायद्यानं रद्दबातल असतो, १९२३ च्या कायद्याचं कलम १७. पण त्या कागदाचा उपयोग मालक दुसरीकडून करतो, 'एवढे पैसे दिले' म्हणून पुरावा दाखवतो, म्हणून कागद जन्मालाच येऊ नये हे बरं.

ॲड_सातपूर

भाऊ, ग्राहक मंच नाही, नेहमीचा दिवाणी दावा पण नाही. हा विषय कर्मचारी नुकसानभरपाई कायदा १९२३ चा, जुने लोक वर्कमेन कॉम्पेन्सेशन म्हणतात, कोर्टाच्या आवारात अजून 'डब्ल्यूसी केस' असंच चालतं, २०१० मध्ये नाव बदललं तरी. दावा आयुक्तांपुढे चालतो. आयुक्त म्हणजे वेगळा कोणी अधिकारी केबिन टाकून बसलेला नसतो, आपल्याकडे जिथे कामगार न्यायालय आहे तिथे बहुतेक तेच न्यायाधीश आयुक्त म्हणून बसतात आणि जिथे नाही तिथे दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर. दिवाणी कोर्टाला हे प्रश्न ठरवायचा अधिकारच नाही. लेबर ऑफिसला अर्ज दिला तर ते मालकाला बोलावून चर्चा घडवतील फार तर, भरपाईचा आदेश मिळणार नाही आणि तोवर तुमची मुदत पळत राहील. मुदत अपघातापासून २ वर्षे, म्हणजे जून २०२७ पर्यंत. सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो पण त्यावर अवलंबून राहू नका.

पुण्याला जायची गरज नाही. कलम २१ बघा, दावा अपघात झाला तिथे टाकता येतो, कामगार राहतो तिथे टाकता येतो, नाहीतर मालकाचं नोंदणीकृत ऑफिस आहे तिथे. भाऊ आता कायमचा गावी राहतोय ना? मग हिंगोलीतून टाका. तिथले आयुक्त पुण्याकडच्या आयुक्तांना कळवून पुढे चालवतात, ते त्यांचं काम. मालकाचा वकील पहिली हरकत हीच घेईल की इथे अधिकार नाही, म्हणून रेशनकार्ड, मतदार यादी, सरपंचाचा नको तलाठ्याचा दाखला, असं काहीतरी जोडून ठेवा.

आता रक्कम. कायम अपंगत्वाला पगाराच्या ६० टक्के गुणिले वयाचा फॅक्टर (वयानुसार कायद्यात ठरवून दिलेला आकडा), आणि अपंगत्व अर्धवट असेल तर त्याचे तेवढे टक्के. पगाराची कमाल मर्यादा ३ जानेवारी २०२० पासून १५ हजार आहे, तुमचा १४ हजार म्हणजे पूर्ण धरला जाईल. ६० टक्के म्हणजे ८४००. तिसाव्या वर्षाचा फॅक्टर २०७.९८. गुणाकार येतो १७,४७,०३२. एका हाताची तीन बोटं गेली तर कायद्याच्या परिशिष्टात ३० टक्के लिहिलेत, म्हणजे ५,२४,११० च्या आसपास. हे पन्नास हजारवाल्याला सांगू नका आत्ताच, सरळ नोटीस पाठवा.

एक लबाडी आधीच सांगून ठेवतो. विमा कंपनी असली की त्यांचा माणूस एकेक बोट वेगळं मोजतो, मधल्याचे १२, अनामिकेचे ७, करंगळीचे ७, झाले २६. असं नाही. 'एका हाताची तीन बोटं' ही परिशिष्टात स्वतंत्र ओळ आहे आणि ती ३० चीच आहे. चार टक्क्यांचा फरक म्हणजे तुमच्या हिशोबात जवळपास सत्तर हजार.

दवाखान्याचे सत्तर हजार यातून वजा होत नाहीत. उपचारासाठी दिलेले पैसे ही भरपाई नाही असं कलम ४ मध्येच स्पष्ट लिहिलंय, आणि २००९ च्या दुरुस्तीनंतर उपचाराचा प्रत्यक्ष खर्च देणं ही मालकाची वेगळी जबाबदारी आहे. तुम्ही खिशातून औषधं, ड्रेसिंग, फिजिओ केली असेल तर त्याची बिलं पण लावा. आणि तो पडून होता त्या काळाचे पंधरवड्याला पगाराच्या २५ टक्के, म्हणजे साडेतीन हजार, हे तात्पुरत्या अपंगत्वाचे. त्या नावाखाली मालकानं काही दिलं असेल तर ते मात्र शेवटच्या रकमेतून वजा होतं.

चिंचवड_६६

थांबा थांबा सगळे, पहिला प्रश्न कोणी विचारलाच नाही. ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, होतं का???

ईएसआय लागू असेल तर १९२३ च्या कायद्याखाली केस चालतच नाही, ईएसआय कायद्याचं कलम ५३ आडवं येतं. आमच्याकडे एका पोरानं वकिलाला पैसे देऊन केस टाकली, कंपनीनं ईएसआय नंबर दाखवला आणि सगळं पाण्यात. दोन रस्ते आहेत आणि चुकीच्या रस्त्यावर वर्ष घालवलं की वर्ष गेलं.

आणि कापून घेत नव्हते म्हणजे ईएसआय नाही असं समजू नका. १० किंवा जास्त माणसं असतील आणि पगार २१ हजाराच्या आत असेल तर कायद्यानं तो विमाधारकच आहे, मालकानं नोंदणी केली नाही, हप्ता भरला नाही तरी. सुप्रीम कोर्टानं २००३ ला सांगितलंय हे. इकडं तर प्रकारच वेगळा चालतो, अपघात झाला की दुसऱ्या दिवशी धावपळ करून नंबर काढतात आणि जॉइनिंग डेट कालची टाकतात.

ईएसआयमध्ये एकरकमी नाही मिळत सहसा, पेन्शनसारखं महिन्याला मिळतं, पूर्ण अपंगत्वाला पगाराच्या ९० टक्के धरून त्याचे तुमचे टक्के, आणि आयुष्यभर. टक्के मेडिकल बोर्ड ठरवतं. बोर्डाचे टक्के पटले नाहीत तर मेडिकल अपील ट्रिब्युनल किंवा थेट कर्मचारी विमा न्यायालय, आणि तिथून हायकोर्ट कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावर. तरुण माणसाला खरं तर हा रस्ता वाईट नाही.

कळमनुरीचा_गडी

@चिंचवड_६६ दादा, भावाला विचारलं. शेडमध्ये तो धरून आठ जणच होते, चार प्रेस, एक ड्रिल. मालक स्वतः आन त्याचा मेव्हणा. ईएसआय कुणालाच नव्हतं, नंबर पण काढला नाही नंतर. माल एका मोठ्या कंपनीला जायचा, जॉब वर्क.

@ॲड_सातपूर साहेब, गार्डचं काय? तो म्हणतोय ना गार्ड काढला म्हणून एक रुपया नाही.

चिंचवड_६६

आठ असतील तर मग सुटलात, वकीलसाहेब म्हणतात तोच रस्ता. पण माणसं खरंच आठ होती ना ते बघा, मालक रेकॉर्डवर कमी दाखवतात, तुम्ही जास्त सांगितलीत तर तोच उद्या ईएसआयकडे बोट दाखवेल.

आणि मोठ्या कंपनीला पण पार्टी करा, पैसा तिच्याकडे आहे. कलम १२, मूळ मालक जबाबदार.

ॲड_सातपूर

@चिंचवड_६६ नाही, इथे नाही चालणार. कलम १२ मध्ये कंत्राटदाराच्या माणसाची जबाबदारी मुख्य मालकावर येते हे बरोबर, पण अपघात त्याच्या जागेवर किंवा त्याच्या ताब्यातल्या जागेवर झाला असेल तरच. कंपनीच्या गेटच्या आत कंत्राटदाराचा पोरगा जखमी झाला तर कंपनीला नक्की ओढा, आधी कंपनी भरते आणि मग कंत्राटदाराकडून वसूल करत बसते. पण इथे शेड स्वतंत्र, प्रेस जॉबवर्कवाल्याची, कंपनीचा संबंध फक्त मालाशी. उगाच तिला ओढलं तर तिचा मोठा वकील येऊन वर्षभर नाव वगळण्याच्या अर्जावरच तारखा खाईल. त्यापेक्षा शेडवाल्यानं डब्ल्यूसी पॉलिसी काढली होती का ते शोधा, असेल तर विमा कंपनीला सामनेवाले करा. बँकेचं लोन मशीनवर असेल तर बऱ्याचदा पॉलिसी निघालेली असते.

गार्डचं. कामगाराची चूक, निष्काळजीपणा, झोप लागली, लक्ष नव्हतं, यानं भरपाई थांबत नाही. तीनच गोष्टी आहेत: दारू किंवा नशा, सुरक्षेचा आदेश मुद्दाम मोडला, किंवा गार्ड मुद्दाम काढला. मृत्यू किंवा शंभर टक्के कायम अपंगत्व असेल तर या तीन पण चालत नाहीत, पण तुमच्याकडे ३० टक्के आहे म्हणजे तो हा बचाव घेऊ शकतो हे खरं. मात्र सिद्ध त्यानंच करायचं. मुद्दाम, हा शब्द लक्षात ठेवा. आता मला सांगा, त्या प्रेसला दोन हातांचं बटण होतं की पायाचं पेडल? होतं तर एक बटण कुणी टेप लावून दाबून ठेवलं होतं? प्रॉडक्शन वाढावं म्हणून हे मालकच करायला लावतो, निम्म्या शेडमध्ये हेच चित्र आहे.

कळमनुरीचा_गडी

पायाचं पेडल होतं. भाऊ म्हणतोय गार्ड मशीन आणली तेव्हापासून कोपऱ्यात पडलेला, लावला की पीस काढायला वेळ लागतो म्हणून मालक लावू देत नव्हता. बाजूच्या प्रेसवरचा पोरगा बोलेल का माहीत नाही, तो अजून तिथंच कामाला आहे.

रात्रपाळी

नाही बोलणार तो. त्याच्यावर राहू नका.

जुने फोटो व्हिडिओ बघा भावाच्या मोबाईलमध्ये. पोरं मशीनपुढं उभं राहून रील काढतात, स्टेटस टाकतात, त्यात प्रेस दिसते गार्ड नसलेली आणि तारीख पण असते.

युनियनच्या_ताई

मी अशा केसेसमध्ये कामगारांबरोबर जाते, वकील नाही, पण या कायद्यात नोंदणीकृत युनियनचा पदाधिकारी पण कामगाराच्या वतीनं उभा राहू शकतो. तर सुनावणीचं सांगते कारण पुस्तकात आणि तिथं फरक असतो.

कायदा म्हणतो आयुक्तांनी तीन महिन्यात निकाल द्यावा. कलम २५-अ, २००९ च्या दुरुस्तीनं आलेलं. वाचायला छान वाटतं. प्रत्यक्षात नोटीस बजावायलाच महिने जातात, शेडला कुलूप, पत्ता सापडत नाही, मालक नोटीस घेत नाही, म्हणून अर्जात मालकाच्या घरचा पत्ता, जीएसटीवरचा पत्ता, सगळे टाका. मग त्याचं लेखी म्हणणं. तिथं ठरलेली दोन वाक्यं येतात, एक 'हा आमचा कामगार नव्हताच' आणि दुसरं 'होता पण अपघात कामावर झाला नाही', कधी कधी एकाच कागदावर दोन्ही. त्यावरून मुद्दे काढले जातात, मग तुमच्या भावाचं पुराव्याचं शपथपत्र, मग उलटतपासणी, मग डॉक्टर, मग मालकाचा पुरावा असेल तर, मग युक्तिवाद. मालक आलाच नाही तर एकतर्फी चालतं आणि एकतर्फी निकाल लागला की तो जागा होतो आणि तो रद्द करायचा अर्ज घेऊन येतो, हे पण धरून चाला.

कामगार होता हे सिद्ध करणं हीच अर्धी लढाई. तुमच्याकडे बँकेत पगार आलाय ना, मग तुम्ही नशीबवान, रोखीत घेणाऱ्यांचे हाल बघवत नाहीत, त्यांचा पगार शेवटी किमान वेतनावर नेऊन ठेवावा लागतो. स्टेटमेंट बँकेचा शिक्का मारून घ्या. मालकाचे मेसेज, 'उद्या लवकर ये', 'आज ओटी', असले सगळे जपून ठेवा, मोबाईल बदलू नका आणि विकू तर अजिबात नका.

सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे दवाखान्याचा पहिला केस पेपर. त्या रात्री डॉक्टरनं काय लिहिलंय? 'कंपनीत प्रेसमध्ये हात सापडला' की 'घरी दारात हात चेंगरला'? पेशंट बेशुद्ध नाहीतर विव्हळत असतो आणि शेजारी सुपरवायझर उभा राहून डॉक्टरला सांगत असतो. पोलिस केस नको म्हणून घरचा अपघात सांगतात. आज जाऊन त्याची प्रत काढा. चुकीचं लिहिलं असेल तर आत्ताच कळलेलं बरं, उलटतपासणीत कळू नये.

आणि अपंगत्वाचे टक्के आणि कमाई गमावल्याचे टक्के या दोन वेगळ्या गोष्टी. जिल्हा रुग्णालयातून जे अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळतं ते पहिलं. कोर्टाला लागतं दुसरं. तुमची दुखापत परिशिष्टात आहे म्हणून ३० टक्के ठरलेले, डॉक्टरशिवाय पण ते मिळायला हवेत. पण पाठ, गुडघा, डोक्याला मार असली दुखापत परिशिष्टात नसते तिथं डॉक्टरनं कमाई किती टक्के गेली हे लिहून द्यावं लागतं आणि कोर्टात येऊन सांगावं लागतं, आणि डॉक्टर तारखेला येत नाहीत, तिथं केस अडकतात.

फुकट वकिलाचं कोणी बोललं नाही. तालुक्याला विधी सेवा समिती असते, जिल्ह्याला प्राधिकरण, कोर्टाच्या आवारातच. औद्योगिक कामगाराला आणि अपंग व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता वकील मिळतो, १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ नुसार. तुमचा भाऊ दोन्हीत बसतो. टक्क्यावर केस घेणारे एजंट दवाखान्याच्या गेटवरच भेटतात, त्यांच्यापासून लांब राहा, निकालाच्या दिवशी निम्मे घेऊन जातात.

ॲड_सातपूर

ताई बरोबर. फक्त ३० टक्क्यांच्या मुद्द्यावर एक भर. सुतार होता एक, डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला, परिशिष्टात त्याचे टक्के शंभरपेक्षा कमी आहेत तरी सुप्रीम कोर्टानं १९७६ च्या प्रतापनारायण सिंग देव खटल्यात शंभर टक्के कायम ठेवले, कारण एका हातानं सुतारकाम होत नाही. उजव्या हाताला पकडच नसेल तर प्रेस ऑपरेटरचं काम पण होत नाही, म्हणून डॉक्टरकडून पकडीबद्दल नीट लिहून घ्या आणि ३० पेक्षा जास्त मागा. मिळेलच असं नाही, समोरचा परिशिष्टाला चिकटून बसेल, पण अर्जात मागितलंच नाही तर नंतर बोलायची सोय राहत नाही.

त्याच निकालात दुसरी गोष्ट, भरपाई देय होते ती अपघाताच्या दिवशी, निकालाच्या दिवशी नाही. महिन्याच्या आत दिली नाही की १२ टक्के साधं व्याज, तुमच्या रकमेवर वर्षाला साधारण ६३ हजार. वरून विनाकारण अडवून ठेवली म्हणून ५० टक्क्यांपर्यंत दंड, त्यासाठी आयुक्त मालकाला कारणे दाखवा नोटीस काढतात. दंड मालकाच्या खिशातून, विमा कंपनी भरत नाही. व्याज कंपनी भरते, पण पॉलिसीत वगळलेलं असेल तर ते पण मालकाकडेच.

हो, कोणी सांगेल की आता नवा कोड आलाय म्हणून जुना कायदा संपला. सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालीय हे खरं, पण तुमचा अपघात जूनमधला, हक्क आणि रक्कम अपघाताच्या तारखेच्या कायद्यानं.

सोलापूरची_मी

मध्येच विचारते, सॉरी. आमच्या नात्यातले एक जण साखर कारखान्यात, पहाटेच्या पाळीला बाईकवर जाताना गेले. कारखाना म्हणतोय गेटच्या बाहेर झालं, आमचा संबंध नाही. वय ४०, पगार २२ हजार. यात काही होतं का?

ॲड_सातपूर

@सोलापूरची_मी होतं, आणि तुमच्या शेजारच्या जिल्ह्यातलाच निकाल आहे. उस्मानाबाद, आताचं धाराशिव, तिथला साखर कारखान्याचा वॉचमन, पहाटे ३ ची पाळी, २००३ मध्ये कामावर जाताना कारखान्यापासून साधारण ५ किलोमीटरवर अपघातात गेला. आयुक्तांनी ३,२६,१४० आणि १२ टक्के व्याज दिलं. विमा कंपनी हायकोर्टात गेली, २०११ मध्ये निकाल फिरला, रस्त्यावरचा अपघात म्हणजे कामावरचा नाही असं म्हणून. मग सुप्रीम कोर्ट, आणि जुलै २०२५ मध्ये आयुक्तांचा निकाल परत आला. घरून कामावर जाता येताना झालेला अपघात, वेळ, जागा आणि कामाचा संबंध दिसत असेल तर कामावरचाच धरायचा. बावीस वर्षं लागली त्या वॉचमनच्या बायकोला, हे पण सांगायला पाहिजे.

तुमच्याकडे आधी ईएसआय बघा. पगार २२ हजार म्हणजे मर्यादेच्या वर, बहुतेक नसेल. मग मृत्यूला पगाराच्या ५० टक्के, १५ हजाराच्या मर्यादेनं ७५००, चाळिशीचा फॅक्टर १८४.१७, होतात १३,८१,२७५. पण अपघात कधीचा ते सांगितलं नाहीत, २१ नोव्हेंबर २०२५ नंतरचा असेल तर नव्या कोडाखाली अर्ज करायचा, तिथे जाण्यायेण्याचा अपघात कायद्यातच घातलाय. आणि मृत्यूच्या केसमध्ये कारखान्यानं घरी येऊन रोख दिली तर ती भरपाई धरली जात नाही, रक्कम जमाच करावी लागते. वाटणी तिथे होते, बायको, मुलं, आई. अज्ञान मुलांचा हिस्सा बँकेत ठेवतात. सासर माहेर भांडण सुरू व्हायच्या आत अर्ज टाका.

कळमनुरीचा_गडी

सगळ्यांचे आभार, रात्री भावाला वाचून दाखवलं. केस पेपरवर 'मशीनमध्ये हात सापडला' असं लिहिलेलं आहे, कंपनीचं नाव नाही पण.

एकच राहिलं. समजा जिंकलो आन मालक हायकोर्टात गेला तर? तो आत्ताच म्हणतोय 'वर जाईन, दहा वर्षं फिरवीन'. आन हरलो तर आम्हाला जाता येतं का?

युनियनच्या_ताई

जाऊ दे की. फुकट जाता येत नाही त्याला. मालकाला अपील करायचं तर आयुक्तांनी दिलेली रक्कम आधी आयुक्तांकडे भरावी लागते आणि भरल्याचं प्रमाणपत्र अपिलाला जोडावं लागतं, नाहीतर अपील दाखलच होत नाही. 'वर जाईन' म्हणणारे निम्मे इथंच थांबतात. कामगाराला अपील करायला असं काही भरावं लागत नाही.

ॲड_सातपूर

कलम ३०. मुदत ६० दिवस. आणि अपील फक्त कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावर, 'साक्षीदार खोटं बोलला' किंवा 'पगार कमी होता' असल्या गोष्टी हायकोर्टानं परत तपासायच्या नाहीत, सुप्रीम कोर्टानं हे कितीदा तरी सांगितलंय. हे तुम्हालाही लागू आहे, म्हणून जे काय सिद्ध करायचं ते खालीच करा, वर जाऊन नवा केस पेपर दाखवता येत नाही. तुम्ही दोघांनी आयुक्तांचा निर्णय मान्य असेल असं लिहून दिलं असेल तर अपील नाही. लोकअदालतीत तडजोड केली तरी नाही, तिथे पॅनेलवरचे लोक आग्रह करतात, आकडा पटला तरच हो म्हणा. बाहेर तडजोड झाली तर तो करार आयुक्तांकडे नोंदवायला लावा, रक्कम फारच कमी असेल तर ते नोंदवायला नकार देतात, तेवढं संरक्षण आहे.

हिंगोलीतून केस चालली तर अपील छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात, पुण्यातून चालली असती तर मुंबईला. हा पण एक फायदा गावाकडून टाकण्याचा.

मालकानं भरलेले पैसे अपील संपेपर्यंत पडून ठेवायची गरज नाही. नोटीस आली की लगेच रक्कम काढायचा अर्ज हायकोर्टात टाकायचा, हमीपत्र घेऊन पूर्ण नाहीतर काही भाग काढायला बहुतेक परवानगी मिळते.

खरी अडचण वेगळी आहे. मालक अपिलात पण गेला नाही आणि पैसे पण भरले नाहीत तर. तेव्हा आयुक्तांकडून वसुली दाखला घ्यायचा, तो कलेक्टरकडे जातो, तिथून तहसीलदार जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली करतो. म्हणजे करायला पाहिजे. तहसीलदाराच्या टेबलावर असे दाखले दाबून पडलेले असतात आणि तोवर शेड दुसऱ्याच्या नावावर. म्हणून आत्ताच शेडचा सातबारा किंवा भाडेकरार, मशीन कुणाच्या नावावर, मालकाचं घर, गाडी, हे सगळं शोधून ठेवा.

रात्रपाळी

आणि भावाचा शाळा सोडल्याचा दाखला काढा. आधारवर आपल्याकडं निम्म्या लोकांचा वाढदिवस एक जानेवारी नाहीतर एक जून असतो, जूनमधला अपघात आणि एक जूनचा वाढदिवस असेल तर समोरचा वकील ३० चे ३१ करून फॅक्टर २०५.९५ लावायला बघेल.